खामगावचा मेयो, किल्डेअरचे घर आणि आपल्या गढ्यांतली दप्तरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खामगावच्या कापूस बाजारावर लेख आला. जलंब-खामगाव लोहमार्ग १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, हे त्यात बरोबर दिले आहे. पण मेयोला ‘इंग्रज व्हाइसरॉय’ म्हटले आहे, ते दुरुस्त करावे. तो अँग्लो-आयरिश होता. हा फरक नावापुरता नाही. त्याच्या घराण्याचे आणि त्या वर्गाचे पुढच्या पन्नास वर्षांत जे झाले, ते आपल्याकडच्या मालगुजार, देशमुख, जहागीरदारांच्या वाड्यांशी इतके जवळचे आहे की दोन्ही गोष्टी एकत्र मांडायलाच हव्यात. शिवाय यंदाच्या पावसाळ्याआधी करता येण्यासारखे एक काम त्यातून निघते: जुन्या घरांतली दप्तरे, म्हणजे हिशेब-वह्या आणि कागदपत्रे, वाचवण्याचे.

रिचर्ड बर्क, सहावा अर्ल ऑफ मेयो, १८२२ साली डब्लिनमध्ये जन्मला. शेती-वाडी किल्डेअर काउंटीत. बर्क हे मुळात बाराव्या शतकात आयर्लंडमध्ये आलेल्या नॉर्मनांचे वंशज. सतराव्या शतकातल्या लढायांनंतर कॅथलिकांच्या जमिनी जप्त होऊन प्रोटेस्टंट मालकांच्या हाती गेल्या. १७०३ च्या सुमारास देशातल्या जमिनीचा जेमतेम सातवा हिस्सा कॅथलिकांकडे उरला होता, आणि लोकसंख्येत मात्र बहुसंख्य तेच होते. प्रोटेस्टंट जमीनदारांचा हा जो थर तयार झाला, तो म्हणजे अँग्लो-आयरिश. धर्म, शिक्षण, सैन्यातल्या जागा इंग्लंडच्या. घर, शिकार, शेजार आणि थडगी आयर्लंडची. इंग्लंडमध्ये त्यांना आयरिश समजत आणि कुळे त्यांना परके समजत.

मेयो १८४७ साली, म्हणजे बटाट्याच्या दुष्काळाच्या ऐन वर्षात, किल्डेअरमधून पार्लमेंटवर निवडून आला. आयर्लंडचा मुख्य सचिव तो तीनदा झाला आणि जानेवारी १८६९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्याला आला. महसूल, शेती आणि व्यापार यांचे खाते १८७१ साली त्याच्याच काळात निघाले. ८ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी अंदमानात शेर अली आफ्रिदी या जन्मठेपेच्या कैद्याने त्याला सुऱ्याने भोसकले. देह आयर्लंडला नेऊन किल्डेअरमधल्या जॉन्सटाउनला पुरला. तिथून जवळच पामर्सटाउन हे घराण्याचे मोठे घर त्यानंतर नव्याने उभे राहिले, आणि लोकवर्गणीतून त्याची आठवण म्हणून ते बांधले, असे सांगतात.

आता हा वर्ग कसा मोडला ते बघू. आपल्याकडे समज असा की क्रांती झाली, घरे जाळली, जमीनदार पळाले. तसे झाले नाही. आधी जमीन गेली, आणि तीही विकत, चांगल्या भावाने. १८७९ साली लँड लीग ही कुळांची संघटना निघाली. १८८० साली मेयो काउंटीत एका जमीनदाराच्या कारभाऱ्याशी लोकांनी व्यवहार तोडला, त्याच कॅप्टन बॉयकॉटचे नाव आपण आजही मोर्चात घेतो. १८८१ च्या कायद्याने कुळाने द्यायचा खंड ठरवण्याचा अधिकार न्यायासनाकडे गेला आणि जमीनदाराच्या हातची वाढ बंद झाली. मग डिसेंबर १९०२ मध्ये डब्लिनला जमीनदार आणि कुळांचे प्रतिनिधी एका टेबलाला बसले. जमीनदारांच्या बाजूने चौघे होते आणि त्यांतला एक होता सातवा अर्ल ऑफ मेयो, म्हणजे खामगावला आलेल्या मेयोचा मुलगा. त्या बैठकीतून १९०३ चा विंडहॅम कायदा आला.

या कायद्याचे गणित नीट समजून घेण्यासारखे आहे. समजा कुळाचा खंड वर्षाला १७ पौंड. सौदा ४०० पौंडांना ठरला. ही रक्कम सरकार जमीनदाराला रोख देई आणि कुळाकडून सव्वातीन टक्क्यांप्रमाणे वर्षाला १३ पौंडांचा हप्ता साडेअडुसष्ट वर्षे घेई. म्हणजे कुळाला पहिल्याच वर्षी खंडापेक्षा ४ पौंड कमी द्यावे लागत आणि शेवटी जमीन त्याच्या नावावर होई. जमीनदाराला वर १२ टक्के बक्षीस, म्हणजे ४८ पौंड. एकूण ४४८. ते साडेतीन टक्क्यांनी गुंतवले तर वर्षाला साडेपंधरा पौंडांहून थोडे जास्त. १७ पौंडांचा खंड वसूल करायला कारभारी, वकील, थकबाकी, सूट हे सगळे आले. त्यापेक्षा हे बरे. म्हणून सौदे भराभर झाले.

मग घराणी का बुडाली? पहिले कारण गहाण. बहुतेक जमिनींवर दोन-तीन पिढ्यांचे कर्ज होते, विधवांची पोटगी होती, धाकट्या भावांचे हिस्से होते; आलेल्या रकमेतून आधी ते फिटले. उरलेली रक्कम रेल्वेच्या शेअरांत आणि परदेशी रोख्यांत गेली. दुसरे कारण महायुद्ध. १९१४ ला पौंडामागे १ शिलिंग २ पेन्स असलेला प्राप्तिकर युद्ध संपताना ६ शिलिंगांवर गेला, म्हणजे ६ टक्क्यांवरून ३० टक्के. वस्तूंचे भाव साधारण दुप्पट झाले. रशियाचे रोखे ज्यांनी घेतले होते त्यांचे १९१८ साली शून्य झाले. खंड असता तर तो निदान जमिनीला बांधलेला असता. रोख पैसा पाच वर्षांत निम्मा झाला, आणि चाळीस खोल्यांचे घर, त्याचे छप्पर, नोकरचाकर, घोडे हा खर्च होता तसाच राहिला.

आणि मुलगे मेले. गॉलवे काउंटीतले कूल पार्क घ्या. ही इस्टेट १७६८ साली रॉबर्ट ग्रेगरी याने ईस्ट इंडिया कंपनीत कमावलेल्या पैशातून घेतली, म्हणजे आपल्याच देशातून गेलेल्या पैशातून. त्याच घरातल्या विल्यम ग्रेगरीने १८४७ च्या दुष्काळात कायद्यात कलम घालून घेतले की पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत मिळणार नाही. लोकांनी पोटासाठी जमिनी सोडल्या. त्याच विल्यमची बायको लेडी ग्रेगरी हिने पुढे डब्लिनचे ॲबी नाट्यगृह उभारायला हातभार लावला, खेड्यातल्या कथा-गाणी टिपून घेतली. तिचा भाचा १९१५ साली लुसिटानिया जहाजाबरोबर बुडाला. एकुलता एक मुलगा वैमानिक म्हणून जानेवारी १९१८ मध्ये इटलीत मेला. माहेरचे घर १९२२ साली जाळले गेले. कूल १९२७ साली वनखात्याला विकले गेले, ती भाडेकरू म्हणून तिथे राहिली आणि १९३२ साली वारली. १९४१ साली दगडांसाठी घर पाडले. एका घराच्या इतिहासात दुष्काळातले ते कलमही आहे आणि नाट्यगृहही. दोन्ही लिहिली पाहिजेत, एकाने दुसरे पुसले जात नाही.

पामर्सटाउनचे घर २९ जानेवारी १९२३ ला जळाले. स्वतंत्र राज्य झाले होते, सातवा मेयो त्याच्या सिनेटचा सदस्य झाला होता. नव्या सरकारने नोव्हेंबर १९२२ पासून बंडखोरांना गोळ्या घालायला सुरुवात केली, आणि इंग्लंडशी झालेला १९२१ चा तह न मानणाऱ्या तहविरोधी सेनेने उलट सिनेटरांची घरे जाळायचा हुकूम काढला. एकूण ३७ सिनेटरांची घरे जळाली. सहकारी दूध डेऱ्यांची चळवळ ज्याने उभी केली त्या होरेस प्लंकेटचे घरही त्याच दोन दिवसांत गेले. रीत साधारण ठरलेली असे: रात्री दार वाजवायचे, घरच्यांना दहा-पंधरा मिनिटे द्यायची, खिडक्या फोडायच्या म्हणजे वारा खेळतो, पेट्रोल शिंपडायचे. त्या पंधरा मिनिटांत माणसे काय बाहेर काढत? चांदीची भांडी, चित्रे, एखादी खुर्ची. दप्तराची खोली कोणाच्या ध्यानात येत नसे. १९२० ते १९२३ या काळात अशी पावणेतीनशेच्या आसपास घरे गेली. मेयो मात्र देश सोडून गेला नाही, १९२७ साली मरेपर्यंत सिनेटमध्ये बसला.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतल्या लढाईत तिथलेच सरकारी अभिलेखागार स्फोटात उडाले. सातशे वर्षांचे कागद. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणना जवळपास पूर्ण गेल्या. १८६१ व १८७१ च्या सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या, १८८१ व १८९१ च्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी दिल्या. आज आयरिश शेतकऱ्याला आपला खापरपणजोबा शोधायचा असेल तर तो कुठे जातो? जमीनदाराच्या दप्तरात. खंडाच्या वह्यांत कुळाचे नाव, वस्ती, एकर, खंड, बाकी. ‘तीन जिवांचा पट्टा’ अशी एक पद्धत तिथे होती: पट्ट्यात तीन माणसांची नावे घालायची, त्यांतला शेवटचा जिवंत असेपर्यंत पट्टा चालू. कुळे आपल्या लहान पोरांची नावे घालत, कधी वयही लिहिलेले असे. ज्या पोराचे नाव दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही ते तिथे सापडते. मेयो घराण्याचे घर जळाले, तरी त्यांचे बरेच कागद आज डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि व्हाइसरॉयपदाचे केंब्रिजला. मालकाचे दप्तर हे कुळाचेही दप्तर असते, हे तिथे शंभर वर्षांत लोकांना पटले. आपल्याकडे अजून पटायचे आहे.

आपल्याकडची रचना दोन तऱ्हांची. वर्धा नदीच्या पूर्वेला नागपूर, भंडारा, चांदा इकडे मालगुजारी. १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. नदीच्या पश्चिमेला आपले वऱ्हाड रयतवारीचे, पण देशमुख-देशपांडे, पाटील-पटवाऱ्यांची वतने आणि जहागिरीची गावे होतीच. जुन्या मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालकी हक्क सरकारजमा झाले. अहेरीच्या जमीनदारांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, १९५२ साली कायदा टिकला. घर आणि सीर, खुदकास्त, म्हणजे मालकाची घरची शेती, मालकाकडे राहिले. गावातला निस्ताराचा, म्हणजे गावाच्या वापराचा तलाव, जंगल, पडीत सरकारकडे गेले. इथे कोणी घर जाळले नाही. इथे घर झिजले. आधी माडीचे सागवानी खांब आणि सरे विकले जातात, मग धाब्याला टेकू उरत नाही, मग पाणी भिंतीत उतरते, आणि पांढऱ्या मातीची भिंत दोन पावसाळ्यांत बसते. उरलेली पांढरी गाववाले शेतात टाकायला नेतात. फडताळ त्या भिंतीतच असते आणि दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्या फडताळात.

त्या रुमालांत काय असते? मालगुजाराकडे जमाबंदी, खतावणी, रोकडवही, कुळांच्या कबुलायती, तलावाच्या पाण्याच्या पाळ्या. देशमुखांकडे सनदा, परगण्याचे ताळेबंद, वतनाच्या भांडणांचे निवाडे. कोतवाल बुकातल्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतल्या, एका नोंदीसाठी तहसिलीच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला जुन्या कागदाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. शेतमजूर, कोळी, ढिवर, महार, गोंड कुटुंबांची नावे १८९० च्या गावात कुठे लिहिलेली असतील तर ती अशा वह्यांत. वाडा मालकाचा असेल, पण ही नावे गावाची आहेत.

म्हणून काय करायचे ते सविस्तर लिहितो.

रुमाल सोडण्याआधी तो जिथे, जसा ठेवला आहे तसा फोटो घ्या. कोणत्या रुमालाखाली कोणता होता, हीसुद्धा माहिती आहे. प्रत्येकाला चिठ्ठी लावून पेन्सिलने क्रमांक घाला. बॉलपेन नको, शाई फुटते. ढाळजेत किंवा ओसरीवर सावलीत धुतलेली चादर अंथरा, पंखा बंद ठेवा. तोंडाला फडके बांधा. कागदावर करडी-पांढरी भुकटी आणि उग्र वास असेल तर ते जुन्या काळी मारलेले गॅमेक्झिन किंवा डीडीटी हे विषारी कीटकनाशक असू शकते. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा, ती झाडलेली धूळ चुलीत टाकू नका. दोन इंची मऊ ब्रशने पानाच्या मधून कडेकडे झाडा. उलटे झाडले तर फाटलेली कड दुमडून तुटते.

चिकटलेली पाने ओढू नका. ती तशीच वेगळ्या फडक्यात ठेवा, जाणकाराने सोडवावीत. ओले झालेले कागद उन्हात टाकण्याची आपली सवय इथे घातक आहे: वैशाखाच्या उन्हात कागद वाकतो आणि ठिसूळ होतो. सावलीत, कोऱ्या कागदाच्या थरांत, थर बदलत वाळवा, आणि दोन दिवसांच्या आत. त्यापुढे बुरशी धरते. वर्तमानपत्र लावू नका, त्याची शाई उतरते.

शाई दोन तऱ्हेची भेटेल. मोडीतले जुने कागद बहुधा काजळाच्या शाईचे: ती उन्हाने उडत नाही, पण पाण्याचा थेंब पडला की पसरते. नंतरच्या वह्यांत हिराकस-माजूफळाची शाई, तपकिरी पडलेली. ती कागदच खाते, अक्षराच्या जागी भोक पडते. दोन्हींवर ओले बोट फिरवायचे नाही. पान उलटताना जिभेला बोट लावण्याची सवय इथे सोडावी लागेल.

चिकटपट्टी, डिंक, स्टेपल, रबर आणि लॅमिनेशन, यांतले काहीही नको. रबर आपल्या मे महिन्यात वितळून कागदाला चिकटते. लॅमिनेशनने कागद टिकतो असे वाटते, पण गरम दाबाखाली कागद आणि प्लास्टिक एक होतात आणि मग कोणी तो सोडवू शकत नाही. सनदा लॅमिनेट करून भिंतीवर लावलेल्या ठिकठिकाणी दिसतात. काळजीनेच केलेले असते, म्हणून जास्त वाईट वाटते.

बासनासाठी मांजरपाट घ्या, सव्वा मीटर चौरस, आणि तीनदा धुऊन खळ काढून टाका. खळीलाच कसर लागते. लाल खारवा जुना घरचा असेल तर चालेल, पण नव्याचा रंग ओल लागली की कागदावर उतरतो. वर-खाली जाड पुठ्ठा, गाठ सैल. लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून निदान सहा इंच वर. उधई भिंतीने आणि जमिनीतूनच चढते, आणि तिची मातीची नळी दिसायला मधे मोकळी जागा लागते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर खडखडीत वाळवून, पिशवीत, कागदाला न लावता. ओला पाला ठेवून डाग आणि बुरशी आलेले गठ्ठे थोडे नाहीत. पावसाळ्यात रुमाल सोडू नका, आश्विन-कार्तिकात कोरड्या दिवशी बघा.

फोटोसाठी साधा मोबाइल पुरतो. दोन स्टुलांवर फळी, फळीच्या कडेला मोबाइल पक्का बांधून तोंड खाली. उजेड दोन्ही बाजूंनी तिरपा, फ्लॅश बंद. पूर्ण पान, चारही कडांसकट, शेजारी सहा इंची पट्टी आणि रुमालाचा क्रमांक. कोरी दिसणारी मागची बाजूही घ्या. मोडी पत्रांच्या पाठीवर शेरा, पोचल्याची तारीख, शिक्का असतो. दोघे मिळून दिवसाला दीड-दोनशे पाने होतात. हजार पानांना चार-पाच जीबी जागा लागते. एक प्रत घरी, एक गावाबाहेर. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवून ठेवला म्हणजे झाले असे नाही, तिथे फोटो लहान होतो आणि बारीक मोडी वाचता येत नाही.

एक अडचण मोकळेपणी बोलली पाहिजे. पुष्कळ घरांनी १९५८ च्या कूळकायद्याच्या आणि १९६१ च्या सिलिंगच्या, म्हणजे कमाल जमीनधारणेच्या कायद्याच्या काळात भीतीने दप्तरे जाळली, विहिरीत टाकली. ती भीती अजून काही घरांत आहे, की कागद बाहेर आला तर कोणी हक्क सांगेल. त्या घरांना दोष देणार नाही. मूळ कागद घरातच राहू द्या, त्यांच्याच ताब्यात, त्यांच्याच कुलपात. फक्त फोटोची प्रत नागपूरच्या अभिलेखागाराला आणि गावच्या वाचनालयाला द्या, आणि कोणती पाने द्यायची नाहीत ते मालकाने लेखी ठरवावे. सन्मानाने विचारले तर माणसे कपाट उघडतात. पोलीस पाटील आणि सरपंचाला घेऊन दारात उभे राहिले तर उघडत नाहीत.

जिल्हाधिकाऱ्यांना विनंती अशी की पुराभिलेख विभाग मोडीचे जे प्रशिक्षण देतो, त्याचा एक वर्ग या वर्षी खामगावला किंवा मेहकरला घ्यावा. आणि आपल्या दैनिकाला विनंती की वाड्यांचे फोटो छापता तेव्हा दप्तर आहे का, कोठे आहे, हेही बातमीदाराने विचारावे.

७ जूनच्या आसपास मृग लागतो. धाब्याला नवी माती घालायची, कवेलू फेरायचे ते त्याआधी. ज्या गढीचे छप्पर यंदा फेरले जाणार नाही, त्या गढीचे रुमाल निदान शेजारच्या पक्क्या घरात हलवावेत. एका बैलगाडीत सगळे मावते.

आपला,
एक वाचक
ता. खामगाव, जि. बुलडाणा